कोट काढून ठेवणाऱ्या आशाताई

घर खाली करण्याची नोटीस घेऊन कुणी आलं, की आशाताई आधी कागद बघत नसत. विचारत, "घरात आत्ता कोण हाय?" सगळेच आलोय, असं उत्तर आलं, तर एकाला लगेच रिक्षात बसवून परत पाठवत. कोर्टाचं काम निघालं, की आमच्याकडे अख्खं घर कुलूप लावून येतं, आणि तेवढ्यात मालक त्यावर आपलं कुलूप चढवतो. मग बाहेर उभं राहून भांडायचं. असं होताना त्यांनी तीनदा पाहिलं होतं.

आशाताई वकील, मांजरसुंब्याहून एसटीने बीडला येत. दर बुधवारी कोर्टाजवळच्या लिंबाखाली आमचं भाडेकरूंसाठी मोफत सल्ल्याचं टेबल असे. तारखा कळवणं, झेरॉक्स काढणं, नोंदवही ठेवणं ही कामं माझी. ताईंच्या बोलण्यात गोडवा कमी. एक गृहस्थ अर्धा तास मालकाला शिव्या देत बसले, तर म्हणाल्या, "झालं का? आता नोटिशीची तारीख सांगा."

रुक्मिणबाई चकलांब्याची, मेंढपाळ घरातली. नवरा वारल्यावर बीडला आली आणि एका खोलीत अकरा वर्षं राहिली. अंगणात चार शेळ्या, त्यांच्या दुधावर तिचं पोट. मालकाला मुलासाठी तिथे दुकान काढायचं होतं. गरज खरी होती, कोर्टालाही ती पटली. आम्ही हरलो. खोली सोडायला तीन महिन्यांची मुदत मिळाली.

माझ्या मते आमचं काम तिथे संपलं होतं. ताईंच्या मते नव्हतं. शेळ्यांसकट खोली कुणी देईना, आणि शेळ्या विकल्या तर रुक्मिणबाईने खायचं काय? मुदतीचे दहा दिवस उरले, तेव्हा ताई कोर्टातल्या एका तारखेहून कोटासकट तशाच उठल्या आणि आम्ही तिघी खोली शोधत निघालो. काळा कोट बघून लोक बसायला सतरंजी टाकत, पाणी देत, आणि खोली नाही म्हणत. पाचव्या दारातले म्हातारे मात्र स्पष्ट बोलले. "बाई, जिच्यासंगं वकील हाय तिला कोण ठेवून घेईल? उद्या आमालाच कोर्टात उभं करताल."

कोपऱ्यावर येऊन ताईंनी गळ्यातला पांढरा बँड सोडला, कोट काढला आणि घडी करून माझ्या पिशवीत कोंबला.

"या कोटानंच तिचं वाटोळं केलं," म्हणाल्या. "मला आधी कळाया पायजे होतं."

"एवढ्या उनात घालून हिंडता कावून, मी मघाधरनं तेच म्हणतेय," रुक्मिणबाई हसून म्हणाली.

पुढच्या घरच्या मालकीणबाईंनी ताईंकडे बोट करून विचारलं, या कोण? ताई म्हणाल्या, "नणंद." कोर्टात त्यांच्या तोंडून खोटा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी खाली बघत राहिले. शेळ्या कुठे बांधणार, ओरडतात किती, असं सगळं विचारून झाल्यावर मालकीणबाई तयार झाल्या. अट एकच, लेंड्या त्यांच्या लिंबोणीला घालायच्या. नणंदबाईंनी तिथल्या तिथे मला कागद काढायला लावला. शेळ्या चार, लेंड्या लिंबोणीला, खोली सोडायची तर तीन महिने आधी सांगायचं.

"तुझी नणंद लई चिकट हाय गं," मालकीणबाई रुक्मिणबाईला म्हणाल्या.

"आमच्यात समद्या अशाच," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी मी वहीत तिच्या नावापुढे 'हरलो' असं लिहिलं. ताईंनी वही ओढली, समासात पट्टीने एक रेघ मारून नवा रकाना पाडला आणि वर लिहिलं, 'आता कुठे राहतात'. म्हणाल्या, "ह्ये भरल्याबिगर पान उलटायचं न्हाई."

गेल्या वर्षी आशाताई वारल्या. टेबल चालू आहे. तो रकाना आता मी जिंकलेल्यांपुढेही भरते, प्रत्येकाच्या घरी जाऊन. दावा जिंकूनही काहीजण त्या घरात राहत नाहीत, मालकाच्या रोजच्या जाचाने निघून गेलेले असतात. इतकी वर्षं त्यांच्या नावापुढे 'जिंकलो' लिहून मी पान उलटत आले होते.