सोनेरी रूळ

नेरूळला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी ‘रेल्वे हेरिटेज कॉर्नर’ करायचं ठरलं आणि सेक्रेटरी माझ्या दारात आले. माझे वडील एका आडगावी स्टेशन मास्तर होते. तिथे घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे. ती लाइन बंद पडली तेव्हा वडिलांनी तो रीतसर मागून घरी आणला. त्यावर कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत होतं. लहानपणी मी ते बोटांनी वाचायचो. तुकडा देताना अक्षरं जपा म्हणून मी बजावलं होतं.

उद्घाटनाला गेलो तर रूळ सोनेरी ऑइलपेंटमध्ये चमकत होता.

“खडबडीत दिसत होता, म्हणून ग्राइंडर मारून घेतला. फिनिशिंग बघा,” सेक्रेटरी म्हणाले.

मी हात फिरवला. सगळं गुळगुळीत होतं. शेजारच्या संगमरवरी पाटीवर अख्ख्या कमिटीची नावं कोरली होती. फक्त रुळाच्या सालाची जागा मोकळी होती.

“साल तेवढं सांगा ना, तुम्हाला पाठ असेल.”

“पाठ आहे,” मी म्हणालो, “पण सांगणार नाही.”

ती जागा अजून मोकळीच आहे. येता-जाता मी मुद्दाम थांबून बघतो.