घाट आणि ओला पंचा

नगरच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाबरोबर केलेल्या आधीच्या दोन्ही सफरींतून माझी मोटार टेम्पोवर चढून घरी आली होती. तिसऱ्यांदा तशी आली तर थेट भंगारात, असं बायकोनं बजावलं होतं आणि या वेळी ती जातीनं शेजारी बसली होती.

नगर जिल्ह्यातल्याच अकोले गावात भर दुपारी आमचा सत्कार झाला. भाषणं संपेपर्यंत सगळ्यांनी रुबाबासाठी इंजिनं चालूच ठेवली. मी माझं बंद केलं, बॉनेट उघडलं आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओला पंचा गुंडाळला.

"काका, झाका ते. फोटोत धोतर दिसतंय," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

पुढे राजूरच्या वाटेवरच्या घाटात, तापलेल्या इंजिनांत पेट्रोलची वाफ झाली आणि गाड्या एकेक करून कडेला लागल्या. अध्यक्षांचीही लागली, फेट्यासकट. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत त्यांच्या शेजारून वर निघालो. बायकोनं काच खाली केली.

"अध्यक्ष, धोतर देऊ का?"

राजूरच्या बाजारात आम्ही सर्वांत आधी पोचलो. एका म्हाताऱ्यानं गाडीला सावकाश फेरी मारली.

"लई जुनी हाय. इकायची का?"

"नाही," बायको माझ्याआधी म्हणाली.