तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधला सल्ला

सोफा लिफ्टमध्ये मावणार नाही हे लिफ्टला कळलं होतं, सोफ्याला कळलं होतं, आणि चौथ्या मजल्यावर घराचं दार उघडून उभ्या असलेल्या, दोघी बहिणींतल्या थोरलीला तर ते दुकानातच कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त तिच्या नवऱ्याला, म्हणजे साडूभाऊंना. साडूभाऊ शहराची बस चालवतात. एवढी लांबलचक बस आपण अरुंद गल्लीतून अलगद वळवतो, त्यापुढे हा तिघांचा सोफा म्हणजे किस झाड की पत्ती, असा त्यांचा हिशोब. त्यांनी सोफा उभा केला, विती टाकून माप घेतलं, पोट आत ओढून स्वतः कोपऱ्यात शिरले आणि मिटायला कुरकुरणाऱ्या दाराला गुडघ्याने समज दिली. दार मिटलं. लिफ्ट निघाली आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधोमध आचका देऊन थांबली. सोफ्याचा पाय दाराच्या फटीत घुसला होता.

"अहो!" वरून थोरलीचा आवाज आला. "जिवंत आहात का?"

"आहे!"

"आणि सोफा?"

लिफ्टच्या कंपनीला फोन गेला. कंपनीने ज्याला धाडलं तो नेमका साडूभाऊंचा साडूच निघाला, थोरलीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यात नवल नव्हतं; या भागातल्या सगळ्या लिफ्ट त्याच्याचकडे आहेत. साडूभाऊंनी त्याचं नाव ठेवलंय मौनीबुवा. हा माणूस बोलत नाही असं नाही, पण दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा वाया घालवत नाही. लिफ्टचं काम तो मामाच्या हाताखाली शिकला. मामा म्हणे सांगायचा, यंत्र बिघडलं की आधी गप्प बस आणि ऐक. भाच्याने त्यातलं गप्प बसणं आयुष्यभरासाठी उचललं.

या देशात मौनीबुवा आले ते ठरावीक मुदतीच्या कामाच्या परवान्यावर. ती मुदत आता संपत आली होती. त्याआधी कायमच्या वास्तव्याचा कुठला तरी रस्ता धरणं भाग होतं, नाहीतर बायको, मुलगी आणि पान्ह्यांची पेटी घेऊन आल्या पावली परत. तशीही त्या मुलीने इथे चार शाळा पाहिल्या. आता नव्या वर्गात गेली की ती कुणाशी जिवाभावाची मैत्री करण्याआधी विचारते, "आपण किती दिवस आहोत इथे?" तिच्या आईला हे ऐकवत नाही. बाप ऐकतो आणि उठून कुठलं तरी बिजागर घट्ट करत बसतो.

पुढेही आपल्याकडेच काम करणार का, याचं उत्तर कंपनीच्या मालकाने बुवांकडे त्याच संध्याकाळपर्यंत मागितलं होतं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळ्यांहून जास्त साडूभाऊंना.

चौथ्या मजल्यावरचं बाहेरचं दार किल्लीने सरकलं. वरच्या फटीत आधी जाड तळाचे बूट दिसले, मग आडवा झालेला बुवांचा चेहरा.

"दादा, श्वास लागतोय?"

"श्वास नाही हो, सोफ्याचा हात लागतोय. बरगडीत."

"फोन चालू ठेवा. मी वर मशीनच्या खोलीत जातो."

लिफ्टमधला दिवा गेला. बुवांनी मुख्य बटण बंद केलं होतं. अंधारात साडूभाऊ दाराचं बटण चाचपू लागले. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "दादा, एक विचारायचं होतं. कायमचं राहायला कुठला रस्ता बरा?"

साडूभाऊंना वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा फोन लागला. मौनीबुवा आणि सल्ला विचारतात? साडूभाऊंना स्वतःला कायमचं वास्तव्य मिळून कैक वर्षं झाली. तेव्हा शहराला बसचे ड्रायव्हर मिळेनात म्हणून सरकारने यांना जवळपास गाडीतच शिक्का मारून दिला. पण तेव्हापासून या विषयातला शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची पक्की समजूत. ते सल्ला देत फिरतात. मागत कुणी नाही. आज मागितला होता. बरगडीतला सोफा ते विसरले.

"हे बघा बुवा, तीन रस्ते आहेत. पहिला, कंपनीने तुमच्यासाठी अर्ज करायचा. ही थेट बस. चढा, बसा, डुलकी काढा."

"ड्रायव्हर दोन वर्षं गाडी सुरूच करत नाहीये. दर वेळी पुढच्या वर्षी बघू म्हणतो."

"करेल हो! मालक आहे, त्याला शंभर कामं."

"मध्ये नोकरी सोडली तर?"

"तर काय, मधेच उतरवतात. मग पुन्हा पहिल्या थांब्यापासून. पण तुम्ही उतरताय कशाला?"

इतक्यात पायाखाली काहीतरी खरखरलं आणि लिफ्ट वीतभर खाली गेली.

"बुवा!" साडूभाऊंचा आवाज एकदम शाळकरी झाला.

"मीच सोडतोय. हाताने ब्रेक सैल केलाय. पुढे बोला. गुणांचं काय?"

"गु... गुणांचं..." साडूभाऊंनी सोफ्याला मिठी मारली. "दुसरा रस्ता गुणांचा. वयाचे, शिक्षणाचे, भाषेचे गुण. पण वय वाढलं की गुण गळतात, आणि भाषेच्या परीक्षेत तुम्ही दिवे लावलेतच."

लावले होते खरे. तोंडी परीक्षेत बाई म्हणाल्या, आवडत्या जागेबद्दल दोन मिनिटं बोला. बुवा म्हणाले, "माझं घर. छान आहे." आणि बाईंकडे बघत बसले. उरलेला वेळ बाईच बोलल्या.

लिफ्ट आणखी वीतभर उतरली. "आणि तिसरा?" फोनमधून विचारणा झाली.

"तिसरा विसरा! लांबच्या गावात जायचं, तिथेच नोकरी धरायची, काही वर्षं काढायची, मग शिक्का. शेवटचा थांबा तो. थंडीत तुम्ही कामाला गेला होतात ना, त्या गावाबद्दल मी ऐकलंय, अर्ध्या घरांना वरचा मजलाच नाही. लिफ्टवाल्याने तिथे जाणं म्हणजे नावाड्याने डोंगरावर दुकान टाकणं! माझं ऐका, पाचच्या आत मालकाला हो सांगा."

"बरं," फोन म्हणाला. दिवा लागला, लिफ्ट तिसऱ्या मजल्याशी बरोब्बर टेकली होती. थोड्या वेळाने दार उघडलं. साडूभाऊ बाहेर आले ते सोफ्यासकट. शेजाऱ्यांना वाटलं असेल, दोघांचं लग्न लागलंय.

थोरली जिन्याने खाली उतरली. तिने आधी सोफ्याच्या पायाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या. दोन्ही शाबूत होते. जिन्यातच सोफा आडवा टाकून तिघं त्यावर टेकले.

साडूभाऊ फॉर्मात होते. "लावा मालकाला फोन. माझ्यासमोर लावा."

"सकाळीच लावला."

"अरे वा! काय सांगितलंत?"

"नाही म्हणून."

साडूभाऊ सोफ्यावरच वळून बसले. "मग मघाशी मला विचारलंत कशाला?"

"अडकलेल्याला बोलतं ठेवायचं असतं. घाबरत नाही माणूस."

"मी घाबरलो नव्हतो!"

"नाही ना. बोलत होतात."

थोरली पदर तोंडाशी धरून हसली, मग तो सोडून मोकळेपणाने हसली. पुढचं तिनेच सांगितलं, कारण बुवांनी सांगितलं असतं तर पाच वाक्यांत आटोपलं असतं, आणि तिला धाकटीकडून सगळं कळलं होतं. त्या गावात घरं बुटकी असली तरी एक दवाखाना आहे, म्हाताऱ्यांसाठी दोन निवास आहेत, आणि पिठाच्या गिरणीत पोती चढवणारा पाळणा आहे. बिघडलं की शहरातून माणूस येईपर्यंत अर्धा दिवस जातो. थंडीत एक आजी चाकाच्या खुर्चीसकट दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अडकल्या, तेव्हा बुवा गाडी हाणत गेले. बाहेर आल्या आल्या आजींनी खडसावलं, "एवढ्या लांब का राहतोस रे?" आठवड्याने दवाखान्याने तेच अदबीने विचारलं, आणि सोबत नोकरी देऊ केली.

"आणि धाकटीने काल नव्या पडद्यांचं कापड कापलं," थोरली म्हणाली. धाकटी पडद्यांच्या दुकानात शिवते. पण घरचा पडद्यांचा जोड पाच भाड्याच्या घरांत उसवून लांब केला, दुमडून आखूड केला, आणि आता त्याला शिलाई धरवत नाही. बुवा तिला एका रविवारी ते गाव दाखवायला घेऊन गेले, तर बाईसाहेबांनी गाव सोडून तिथे मिळणाऱ्या घराच्या खिडक्यांचीच मापं घेतली होती.

साडूभाऊ बोटांवर वर्षं मोजू लागले. फार वेळ नाही, एक मजला चढायला लागतो तेवढाच. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आलं लक्षात!" त्यांनी बुवांच्या मांडीवर थाप मारली. "पक्के आहात हं बुवा! सगळे हेच करतात. काही वर्षं कळ काढायची, शिक्का पडला की गाठोडं उचलायचं. बरं, मला सांगा, एकदाचं कायमचं वास्तव्य हातात आलं, की त्या गावात मग पुढे काय करणार?"

मौनीबुवा सोफ्याचं एक टोक धरून उठले.

"राहणार."