कालोची चटई

...नाही गं बाळा, ती रविवारची छोटी चटई वेगळी. ती आमच्या बेटांवरचे सगळेच चर्चला जाताना कमरेला नेसतात. कालोची होती ती दुखवट्याची. छातीपासून पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेली, कडा फाटलेल्या, चालली की सरसर वाजायची. हे आधी लिही.

कालो ऑकलंडला लेकीकडे आली ती नवरा गेल्यावर. सेमीसी त्याचं नाव. मासेमारीला जायचा, हसला की अख्ख्या किनाऱ्याला ऐकू यायचं. तो गेला तशी मालिया, म्हणजे लेक, म्हणाली, "आई, बेटावर एकटी बसून काय करणारेस? चल." आली बिचारी. चटई अंगावरच.

आता ती उतरवायची कुणी? त्यांच्या गावात बायको आपल्या हातानं नाही उतरवत. वर्ष सरलं की नवऱ्याची बहीण येते, गाठ सोडते, "वहिनी, पुरे झालं" म्हणते. मग दुखवटा संपतो. कालोची नणंद फाताई तिकडं बेटावर. गुडघे गेलेले, विमानात कुठली चढतेय ती!

वर्ष उलटलं, चटई तशीच. कालोच्या मनात एकच, कुठं आपलं चर्च सापडावं, त्यात सेमीसीच्या नात्यातली कुणी बाई भेटावी, तिच्या हातून गाठ सुटावी.

मालियानं आधी घराजवळच्या मोठ्या चर्चमध्ये नेलं. दाराशी एक गोरी बाई उभी, हसरी, मनानं चांगली. म्हणाली, "आजी, ते जाजम द्या माझ्याकडे, आत उकडतंय." आणि घातला की हात गाठीला! कालो मागं सरली, दोन्ही हातांनी गाठ धरून. ती बाईही घाबरली. सगळी प्रार्थना होईस्तोवर कालोनं गाठीवरचे हात काढले नाहीत.

घरी मालिया चिडली. "अगं आई, ती मदत करत होती!"

"कळलं मला. म्हणून तर ओरडले नाही."

मग आपल्या लोकांचं एक चर्च सापडलं. तिथं उलटंच. चटई बघितली की सगळे मान खाली घालायचे नि सरकायचे. अख्खा बाक तिच्यासाठी मोकळा. ताजं दुःख आहे, बाईला बोलून त्रास नको द्यायला, असं वाटायचं गं त्यांना. दर रविवारी तेच. कुणी विचारलंच नाही, कोण गेलं, कधी गेलं. बाकावर एकटी बसायची नि घरी यायची.

शेवटी आली ती आमच्याकडे, शाळेच्या हॉलमध्ये आमचं चर्च भरतं ना, तिथं. आमचे लोकही सरकलेच. पण ओफाकी म्हातारी उशिरा आली आणि कालोला म्हणाली, "सरक गं, बाक काय तुझ्या बापाचा?"

प्रार्थना संपायच्या आधीच तिची कुजबुज सुरू. "कोण गेलं?"

"नवरा."

"कधी?"

कालोनं सांगितलं. ओफाकीनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! आणि आम्ही समजतोय कालपरवाचं! ही चटई तर उंदरांनीसुद्धा टाकली असती."

कालो हसली. मालिया म्हणते, आई या शहरात हसली ती तेव्हा पहिल्यांदा.

मग निघालं नातं. सेमीसीची आई नि ओफाकीची आई चुलत बहिणी. "म्हणजे मी तुझी नणंदच की!" ओफाकी म्हणाली. "येत्या रविवारी सोडते गाठ. पण अळूच्या पानातलं मटण आण माझ्यासाठी. नणंदेला काय फुकट राबवतेस?"

"आणते वन्सं," कालो म्हणाली आणि तिथंच रडली.

रविवारी उजाडायच्या आधी उठून तिनं मटण केलं, नारळाचं दूध घालून, ओफाकीला आवडतं तसं. गरम भांडं फडक्यात धरून हॉलच्या दाराशी आली, तर सगळे काळ्या कपड्यांत. ओफाकी आदल्या पहाटे झोपेतच गेली होती. कालोचा फोन नंबर कुणाकडे होता, कळवणार कोण?

ओफाकीची सून पुढं आली. "मामी, त्या बोलल्या होत्या मला... तुमच्या गाठीचं..."

"राहू दे," कालो म्हणाली. भांडं तिच्या हातात दिलं. मग सुटत आलेली गाठ ओढून पुन्हा घट्ट केली आणि मागच्या स्वयंपाकघरात जाऊन दुखवट्यातल्या बायकांत कंद सोलायला बसली. कुणी सरकलं नाही. सुनेनं सुरी दिली फक्त.

आता ती आमच्यातच बसते. बाक मोकळा सोडत नाही कुणी. पण चटई आहेच, आता दोघांच्या दुखवट्याची. बसेल तिथं तिचा भुगा पडतो. मालिया म्हणाली, "आई, मी सोडू?" तर म्हणते, "तू लेक. लेकीचं काम नव्हे ते."

आता शेवटचं लिही बाळा, नीट अक्षरात. हे वाचणारं कुणी तिकडं बेटावर जाणार असेल, तर फाताईला सांगा. गुडघे गेले तरी बोटं चालतात म्हणे तिची, अजून विणते. एक छोटी चटई विणून धाडावी, रविवारची. तिच्या हातची आली म्हणजे तीच आली नि गाठ तिनंच सोडली, असं आम्ही धरू, पाद्रीबाबांनाही विचारलंय. तिला म्हणावं, वन्सं, वहिनी थकली. लवकर विणा.