सागवानी दार आणि डेहराडूनचा कागद

आमच्या बाबांच्या, म्हणजे धोंडिराम पाईकराव यांच्या, नाकावर माशी बसलेली चालत नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. घाटकोपरला आमच्या वस्तीत कुणी पलंग घेतला की आधी बाबांना बोलावणार. बाबा नखाने ओरखडा काढणार, वास घेणार आणि मालकाच्या तोंडावर सांगणार, "फसवलं तुला." अशा माणसाला मित्र किती असतील ते तुम्हीच ठरवा.

म्हणून बुद्धविहाराच्या दाराला भुंगा लागला तेव्हा बऱ्याच जणांना मनातून बरं वाटलं असणार. दार बाबांनीच केलेलं, दोन वर्षांपूर्वी, मजुरी न घेता. झाडायला येणाऱ्या प्रेमाकाकूंना उंबऱ्यावर रोज पिवळट पीठ सापडू लागलं. सागवानाला कीड लागत नाही, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहार समितीचे अध्यक्ष चंद्रप्रकाश सगळ्यांसमोर म्हणाले, "धोंडिराम, सागवान म्हणून भलतंच काय लावलंस रे?"

बाबांनी दाराच्या खालच्या पट्टीतून बोटभर तुकडा काढला, रुमालात बांधला आणि घरी येऊन मला म्हणाले, "दर्शना, डेहराडूनला लाकूड ओळखणारी सरकारी माणसं आहेत ना? तिकीट काढ."

"कुरियरने पाठवू की."

"आणि वाटेत कुणी बदललं तर?"

झालं. बँकेतून रजा काढली आणि धुसफुसत निघाले. डेहराडूनची ती वन संशोधन संस्था इंग्रजांच्या काळातली. लाल विटांची लांबच लांब इमारत, कमानीमागे कमानी, समोर नजर पोहोचेल तिथवर हिरवळ. मला फोटो काढायचे होते, बाबा खिशावरचा हात काढायला तयार नव्हते. तपासणीच्या खोलीतल्या मॅडमनी तुकडा ठेवून घेतला आणि सांगितलं, कागद परवा मिळेल, तोवर म्युझियम बघा.

लाकडाच्या म्युझियममध्ये बाबा खुलले. एका प्रचंड देवदाराच्या बुंध्याची चकती तिथे उभी केली आहे. बाबांनी तिला हात जोडले आणि मग पहारेकरी बघत नाही असं पाहून वासही घेतला. लाकडांच्या फळ्या ओळीने लावलेल्या, खाली नावं. नाव न वाचता, बोटांनी चाचपून नि वास घेऊन बाबा एकेक ओळखत सुटले. मला वाटलं, आता चंद्रप्रकाशकाकांची काही खैर नाही.

मग आम्ही किड्यांच्या म्युझियममध्ये गेलो. काचेच्या पेटीत सागवानाची एक फळी होती. एका बाजूची दोन बोटं कड पांढुरकी आणि तिची पार चाळण झालेली. बाकीची तपकिरी फळी ठणठणीत. तिथल्या माणसाने समजावलं, सालीजवळचं पांढरं लाकूड सागवानाचंही कीड खाते, गाभ्याला मात्र तोंड लावत नाही. म्हणून जाणता सुतार ती कड आधी तासून टाकतो.

"हे मला काय शिकवतोय?" बाबा माझ्या कानात म्हणाले. मग काचेवर वाकले. "पण यात पांढरं कुठाय?"

मला वाटलं, गंमत करताहेत. "समोर आहे बाबा. एवढी मोठी कड."

"सगळं एकाच रंगाचं आहे गं."

त्यांनी काच पुसली. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. पुन्हा वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत. दाराला भुंगा कशामुळे लागला ते मला कळलं आणि त्यांनाही कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन-तीन वर्षं धूसर दिसतंय. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

तिसऱ्या दिवशी कागद मिळाला. नमुना सागवानाचा आहे, एवढंच त्यात होतं. आम्ही तेवढंच विचारलं होतं.

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "बाबा, कागद दाखवायचा आणि गप्प बसायचं. आपण खोटं कुठे बोलतोय?" मला त्याचा अभिमान नाही. पण सुताराची नजर गेली असं एकदा लोकांना कळलं की काम कोण देणार? आणि पलंग दाखवायला बाबांना कोण बोलावणार?

रविवारी विहारात समिती जमली. चंद्रप्रकाशकाकांनी कागद मोठ्याने वाचला आणि हात जोडले. "चुकलो यार, धोंडिराम. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर माफी मागतो. आता विहाराच्या खिडक्यापण तूच कर."

टाळ्या वाजल्या. बसा बाबा, मी मनात म्हणत होते, फक्त बसून राहा.

बाबा उभे राहिले. "लाकूड खरं आहे, चंद्रप्रकाश. पण पांढरी कड मी ठेवली. दिसलीच नाही मला. खिडक्या दुसऱ्याला द्या."

बाबा दाराशी जाऊन बसले आणि पॉलिश पेपरने खालची पट्टी घासू लागले. पॉलिश निघालं, खालचं लाकूड उघडं पडलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

"दर्शना, ये. पांढरं कुठून कुठपर्यंत आहे, दाखव. तेवढं कापून काढायचंय."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. मी त्यांचा हात धरला आणि पेन्सिलीचं टोक पांढऱ्याच्या कडेला टेकवलं.

"इथून," मी म्हणाले.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून बाबांनी मारलेली ती पहिली रेघ. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही.