चोरीला गेलेला फळा

ती घटना मला अजून लख्ख आठवते. परवा ती पुन्हा वर आली, त्याला निमित्त झाले वेस्ट इंडिजमधल्या एका चिमुकल्या बेटाचे. माझी मुलगी तिथे डॉक्टर आहे. तिथल्या रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या तिने मला फोनवर ऐकवल्या आणि अर्थ सांगितला. कोण वारले, प्रार्थना किती वाजता, पाण्याचा पाइप कुठे फुटला, कुणाची शेळी कुणाच्या परसात सापडली. मंत्र्यांचे भाषण शेळीनंतर. बेट लहान असले तरी माणसे शहाणी दिसतात.

कोल्हापुरात हे काम पेठेतले वार्ताफलक करतात. चौकात किंवा तालमीच्या भिंतीला एक काळा फळा टांगलेला असतो. त्यावर रोज खडूने मजकूर: पाणी कधी येणार, कोण गेले, रक्षाविसर्जन किती वाजता, कुणाची मुलगी बोर्डात चमकली. वर्तमानपत्र न घेणारा माणूस पेठेत सापडेल, फळा न वाचणारा सापडणार नाही.

निवृत्तीला दीड वर्ष राहिले असताना माझ्याकडे शहरातल्या एका जुन्या पेठेचे पोलीस ठाणे होते. एका सोमवारी सकाळी तालीम मंडळाचे अध्यक्ष बारा कार्यकर्त्यांसह आले. पांढरे कपडे, कपाळाला टिळा, हातात अर्ज. अर्ज वाचला. तालमीच्या भिंतीवरचा जुना लाकडी वार्ताफलक 'अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने' रविवारी दुपारी चोरून नेला होता.

"फळा?" मी विचारले.

"साधा फळा न्हाय साहेब, पेठेची अस्मिता हाय," अध्यक्ष म्हणाले.

अस्मिता काढून टाकायची हेही ठरले होते, हे पुढच्या पाच मिनिटांत कळले. तालमीच्या दारावर लाल अक्षरे पळवणारा विजेचा फलक लागला होता. संध्याकाळी एका बड्या नेत्याच्या हस्ते उद्घाटन होते. त्याच कार्यक्रमात जुन्या फळ्याला शाल आणि नारळ देऊन निरोप द्यायचा होता. आता सत्कारमूर्तीच बेपत्ता. निवृत्तीच्या सत्काराआधी पळून जावेसे मलाही पुढे वाटले, त्यामुळे फळ्याबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

अध्यक्षांचा संशय एकावरच होता. ज्यांना सगळे पेंटरमामा म्हणत, ते सत्तरीचे गृहस्थ. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चाळीस वर्षे रोज सकाळी फळा पुसून ओळी लिहायचे ते. मोबदला शून्य. नवा फलक येणार म्हटल्यावर ते चारचौघांत म्हणाले होते, "बोर्ड काढाल तर माझ्याशी गाठ हाय."

अर्ज चौकशीवर ठेवला आणि स्थळाचा पंचनामा करायला गेलो. भिंतीवर दोन खिळे आणि एक फिकट चौकोन. साक्षीदार एकही नाही. रविवारी दुपारी मटणाचे जेवण झाल्यावर कोल्हापूरच्या पेठेतून हत्ती जरी नेला, तरी पाहणारा कुणी जागा नसतो. मात्र आमच्या एका खबऱ्याने कानावर घातले की शनिवारी पेंटरमामा फळ्यापाशी बराच वेळ नुसते उभे होते. तेवढ्यावर नेत्याच्या कार्यालयातून फोनही आला. "दोन दिवसांत अटक दाखवा."

मंगळवारी पेंटरमामांना बोलावले. धुतलेला सदरा, टोपी सरळ. ठाण्याच्या पायरीवर ते थोडे थांबले. सत्तर वर्षांत कधी ही पायरी चढलो नाही, असे त्यांनी ठाणे अंमलदाराला सांगितले. खुर्ची दिली तर टोकावर बसले. माणूस गुन्हा केला म्हणून घाबरतो त्यापेक्षा नाव जाईल म्हणून जास्त घाबरतो, आणि दोन्हीत घाम सारखाच येतो. नवखा अधिकारी इथेच फसतो.

"मामा, फळा तुम्ही नेला?"

"न्हाय."

"कुणी नेला, माहीत आहे?"

"ते तेवढं इचारू नगा साहेब. मला आत घाला पायजे तर. खरं त्यात माझ्या नातीची सोयरीक मोडंल, एवढं ध्यानात ठेवा. पावणं रविवारी येणार हायत."

चहा आला. कप उचलताना त्यांचा उजवा हात दिसला. नखांत पांढरी खडूची भुकटी होती. फळा जाऊन दोन दिवस झाले होते.

"मामा, फळा नाही, मग खडू कशाला?"

त्यांनी हात बघितला, सदऱ्याला पुसला आणि चहा तसाच ठेवला. मी त्यांना घरी पाठवले. हवालदार माझ्याकडे बघत होता. तो त्याच पेठेतला. त्याला काही तरी म्हणायचे होते, पण तो म्हणाला नाही, मीही विचारले नाही. ही माझी चूक.

बुधवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावरून जीपने जात होतो. घाटावर दोनशेच्या आसपास माणसे. आमच्या पेठेतले एक म्हातारे शिंपी आदल्या दिवशी गेले होते, त्यांचे रक्षाविसर्जन. शिंपी कुठल्या मंडळात नव्हते, पक्षात नव्हते. तालमीवरचा नवा फलक तर मंगळवारी दिवसभर नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पळवत होता. मग एवढी माणसे बरोबर आठ वाजता आली कशी?

जीप थांबवून एका गृहस्थांना विचारले.

"बोर्डावर वाचलं की!"

"कुठल्या बोर्डावर?"

गृहस्थ नदीकडे बघू लागले. नदीत बघण्यासारखे विशेष काही नव्हते.

मी हवालदाराकडे वळलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, घरात दळण हाय काय?"

"का?"

"मागल्या गल्लीतल्या गिरणीत जाऊन येऊ या."

"तुला माहीत होते?"

"सोमवारपास्नं. आमच्या घरातनं सांगितलं. तुमी इचारलंच न्हाई की!"

गिरणीत पट्टा फिरत होता, ज्वारीचा वास आणि पिठाचा धुरळा. डब्यांची रांग, रांगेत पंधरा-वीस बायका. आणि समोरच्या भिंतीवर, पिठाने पांढरट झालेला, तोच फळा. पेंटरमामांच्या टपोऱ्या अक्षरांत: 'उद्या पाणी सकाळी सहा ते सात. आज आठ वाजता रक्षाविसर्जन. किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे, गिरणीत चौकशी करावी.'

मामा कोपऱ्यात पोत्यावर बसले होते. मला पाहून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले, बेड्या घालून घ्यायला करतात तसे.

"हा इथे कुणी आणला?" मी मोठ्याने विचारले.

गिरणीवाल्याने गिरणी बंद केली. रांगेतून एक नऊवारीतली म्हातारी डबा खाली ठेवून पुढे आली.

"मी आनला. त्या म्हाताऱ्याचे हात खाली करायला सांगा आधी."

हवालदार माझ्या कानाशी लागला. त्या अध्यक्षांच्या आई होत्या.

"आजी, का नेला?"

"मग काय करू? त्या दिव्याच्या बोर्डावर माझ्या पोराचं नाव पळतंय. पोराला मी घरात रोज बघतोय की! पाणी कवा येनार, कोन मेलं, ते कुठं लिवतोय त्यो? मागल्या आठवड्यात ते यंत्र लावून बघितलं, जुना फळा झाकला आनि पाणी आलेलं कुनाला कळलं न्हाय. आख्खी गल्ली कोरडी."

"पण भरदिवसा नेलात कसा?"

"भाजीच्या गाड्यावर. वर गोधडी टाकली. आमी चौघी हुतो."

"आणि मुलगा?"

"झोपला हुता. मटान मीच जरा जास्त वाढलं त्याला."

रांगेत हशा पिकला. मीही हसलो असतो, पण अंगावर वर्दी होती.

दुपारी अध्यक्षांना बोलावून घेतले. या वेळी एकटे यायला सांगितले.

"आरोपी निष्पन्न झाला आहे," मी म्हणालो. "गुन्हा दाखल करू?"

"त्यो पेंटरच न्हवं? घाला आत!"

"आरोपीचे नाव तुमच्या रेशन कार्डावर आहे."

अध्यक्षांनी आधी छताकडे पाहिले, मग हवालदाराकडे, मग टिळा पुसला गेला की काय असा कपाळावर हात नेला. "आईऽ?" एवढेच म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले: वार्ताफलक मिळून आला, कोणावरही संशय नाही, तक्रार नाही. मी आणखी एक अट घातली. पेंटरमामांच्या घरी जाऊन, नातीचे पाहुणे यायच्या आधी, माफी मागायची. ते म्हणाले, "जातो. खरं साहेब, पेठेत हे कुनाला कळाय नको." हवालदाराला त्याच क्षणी खोकला आला.

अर्ज निकाली काढला. नेत्याच्या कार्यालयाला 'मुद्देमाल हस्तगत' असे कळवले, ते समाधानी झाले. विजेचा फलक अजून तालमीवर आहे. त्यावर वाढदिवस पळतात आणि माणसे त्याच्याखाली उभी राहून गिरणीतल्या फळ्यावर काय लिहिले आहे ते एकमेकांना विचारतात.

पुढे एकदा बदली झाली. नव्या ठाण्यात हजर झालो की आधी गुन्ह्यांचे रजिस्टर मागवायचे ही माझी जुनी सवय. त्या वेळी आधी विचारले, इथली माणसे बातमी कुठे वाचतात? आणि हवालदाराला रोज न चुकता म्हणायचो, मी काही विचारायचे राहिले असेल तर सांग. त्या पेठेने मला एवढे शिकवले. पण अर्ज निकाली काढला त्या दिवशी संध्याकाळी गिरणीत गेलो तेव्हा हे इतके स्वच्छ कळलेले नव्हते. मामांचे नाव मोकळे व्हावे एवढीच माझी काळजी होती.

"मामा, उद्याच्या फळ्यावर लिहा," मी म्हणालो. "तुमच्यावरचा संशय खोटा ठरला, तक्रार मागे घेतली. हवे तर पोलिसांच्या वतीने म्हणून लिहा."

त्यांनी फळा पुसला. खडूचे टोक दगडावर घासले.

"ती बातमी कुठली, साहेब? लोकांस्नी ठाऊक नसतंय ती बातमी. हे तुमी सोडून समद्यांस्नी ठाऊक हुतं."

आणि त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या पाण्याची वेळ लिहायला घेतली.