झाकलेला आलेख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज सांगतोय, ते मन मोठं झालं म्हणून नव्हे.

मी मूळचा निपाणीचा, बेळगावात पदार्थविज्ञान शिकवतो. विद्युतचुंबकीय बल आणि अणुगर्भातलं दुर्बल बल विश्वाच्या आरंभी एकच होतं, मग त्यांची फाटाफूट कशामुळे झाली? एकट्या हिग्ज कणामुळे, की त्याचा आणखी कुणी जड भाऊबंद आहे? युरोपातल्या प्रयोगाच्या आकडेवारीत आम्ही तो भाऊबंद शोधत होतो.

या कामात एक नियम असतो. कोणत्या नोंदी ठेवायच्या, कोणत्या गाळायच्या, हे पक्कं होईपर्यंत आलेखाचा मोक्याचा भाग झाकून ठेवायचा — दिसलं की माणूस हवं तेच निवडतो. आम्ही जैन. आई दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नाही, घरात कुणी बघणारं नसलं तरी. नियम म्हणजे काय, हे मला कुणी वेगळं शिकवायला हवं होतं का?

एका दुपारी विभागात कुणी नव्हतं. मी आलेख उघडून पाहिला. तिथं एक उंचवटा होता, नव्या कणाची खूण वाटावी असा — लहानसा, पण होता. निवडीची एक अट जराशी सैल केली की चांगलाच वर यायचा. मी ती सैल केली — आणि पुन्हा सगळं झाकून ठेवलं.

काकतीची रेखा माझी विद्यार्थिनी, तिचा प्रबंध यावरच होता. गावाकडच्या रीतीनं मला अण्णा म्हणायची. "अण्णा, ही अट का बदलली वो?" तिनं विचारलं. मी एक भारदस्त कारण ठोकून दिलं. तिला ते पटलं, कारण मी सांगितलं होतं.

पुढं नवी आकडेवारी आली आणि उंचवटा विरून गेला. तपासणीच्या बैठकीत समितीनं रेखाला विचारलं — आधी बघून अट बदललीस ना? ती नाही म्हणाली, रडत म्हणाली. कुणी विश्वास ठेवला नाही. मी शेजारीच बसलो होतो — तोंडात मिठाची गुळणी धरून. तिनं प्रबंध सोडला. भ्याड होतो मी, दुसरं काय?

आता ती अनगोळला शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात तिनं मला मुलांसमोर बोलायला बोलावलं. "पोरांनो, झाकलेलं उघडून बघायचं न्हाय, हे मला अण्णांनी शिकवलं," ती म्हणाली. "माझ्यावर आळ आलता, तवा एकटे अण्णाच माझ्या शेजारी बसून होते."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, हात जोडले आणि घंटा होईपर्यंत प्रामाणिकपणावर बोललो.